पहिलं अक्षर

मदतीच्या नंबरावर आलेला तो फोन देवयानीकडे आला तो केवळ भाषेमुळे. पलीकडची बाई हिंदीत सुरुवात करत होती, मध्येच अडत होती आणि मग आपल्याच भाषेत काहीतरी पुटपुटत होती. ती भाषा मराठी असावी असं फोन घेणाऱ्या मुलीला वाटलं, आणि कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या त्या ऑफिसात मराठी म्हणजे देवयानी. ती डबा उघडून बसली होती. उजवा हात उष्टा, म्हणून डाव्या हातानं तिनं फोन कानाला लावला आणि पलीकडून आलं, "अहो, तुमचं ते मशीन आमच्या ह्यांचं पहिलं अक्षर खातंय."

तक्रार देवयानीपर्यंत अजून पोचली नव्हती. पोचलं होतं ते 'खातंय'. ह्या टेबलाशी कुणी असं मराठी बोललं त्याला किती काळ लोटला होता! आईशी रविवारी फोनवर व्हायचं ते मराठी निराळं. तब्येतीचं, पावसापाण्याचं, ठरल्या वाटेनं जाऊन ठरल्या वाटेनं परतणारं. हे कामाचं मराठी होतं, आणि कामाचं मराठी ती एकाच माणसाशी बोलली होती. अजेय शेजारच्या खुर्चीवर बसून पडद्यावर बोट टेकवायचा आणि म्हणायचा, 'हा इथं मेमरी खातोय बघ.' भोवती बंगाली आणि इंग्रजीचा कल्ला चाललेला असायचा आणि त्या दोन खुर्च्यांपुरती एक खोली तयार व्हायची, भिंती नसलेली, पण आत गेल्यावर दार लोटून घेतल्यासारखं वाटणारी. अजेय नोकरी सोडून कोल्हापूरला गेला, त्याची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. खोलीचं काय झालं हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"ऐकू येतंय ना?" बाई म्हणाल्या. "मी बराकपूरहून बोलतेय. लीना आगाशे."

"येतंय काकू. पहिलं अक्षर खातंय म्हणजे?"

"म्हणजे हे 'अगं' लिहितात आणि ते नुसतं 'गं' म्हणतं. आधी असं नव्हतं. गेल्या आठवड्यात तुम्ही त्यात नवीन काहीतरी घातलंत ना, तेव्हापासून."

ते नवीन काहीतरी देवयानीनंच घातलं होतं. घशाचं ऑपरेशन होऊन ज्यांचा आवाज गेला, अशांसाठी त्यांची लहानशी कंपनी एक यंत्र बनवत असे: तळहाताएवढं, गळ्यात अडकवायचं, वर बारीक बटणं आणि पुढं स्पीकर. ऑपरेशनच्या आधी माणसाला बसवून त्याच्या आवाजात शेकडो शब्द आणि अक्षरं भरून घ्यायची. मग तो जे लिहील ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलायचं. आत एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम होती, बटणं, बॅटरी, स्पीकर ह्या सगळ्यांना कामाला लावणारी. कंपनी एका खोलीत होती तेव्हा ती अजेयनं आणि तिनं मिळून लिहिली होती. वरचा, दिसणारा भाग तिनं आणि खालचा, लोखंडाला जाऊन भिडणारा भाग अजेयनं. माणसानं लिहिलेला असा प्रोग्रॅम यंत्राच्या आकड्यांत उतरवायचं काम कंपायलर करतो, आणि ते त्यानं कसं करायचं हे त्याला चालू करताना एका ओळीत सांगता येतं. जसं लिहिलंय तसंच उतरव, असं सांगता येतं. अजेय कायम तेच सांगायचा. किंवा, तुझी अक्कल चालव, फुकट वाटेल ते काढून टाक, असंही सांगता येतं. ह्या दुसऱ्या प्रकारात पायऱ्या आहेत, आणि देवयानीनं सगळ्यात वरची, सगळ्यात आक्रमक पायरी निवडली होती. बॅटरी दुपारीच मान टाकते ही सगळ्यांची रड होती. तिनं ती एक ओळ बदलली, अख्खी सिस्टिम नव्यानं बांधली, आणि बॅटरी दिवस काढायला लागली. यंत्र गार राहू लागलं, बटण दाबताच शब्द बाहेर येऊ लागला. मृणालदांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, सगळ्यांसाठी फिश कबिराजी मागवली. त्या संध्याकाळी देवयानीला जो आनंद झाला त्यात एक बारीकसा तिखटपणाही होता. इतकी वर्षं अजेयचा संथपणा त्या यंत्रात बसून राहिला होता आणि आज आपण त्याला ओलांडून पुढे आलो, असं काहीतरी. ते तिनं लगेच मनातून पुसून टाकलं होतं.

"मी देवयानी. उद्या येते काकू," ती म्हणाली. फोनवरून समजून घेता आलं असतं. यंत्र मागवूनही घेता आलं असतं. पण ती म्हणाली, येते.

आगाशे श्यामसुंदर, गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयातून निवृत्त. निवृत्तीनंतर पुण्याला परतायचं सगळं ठरलेलं होतं, पण काकूंना नदी सोडवेना, म्हणून बराकपूरला घाटाजवळ फ्लॅट घेऊन राहिलेले. देवयानी दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी गळ्यातलं यंत्र उचललं, तिच्याकडे मिस्कील बघत सावकाश बटणं दाबली, आणि त्यातून भारदस्त, जरासा खरखरीत आवाज आला: "वयानी."

"वयानं मोठीच आहे ती आता," काकू म्हणाल्या, "कॉलेजातली नाही. आत तर येऊ द्या तिला."

काका हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. खांदे तेवढे हलले आणि गळ्याला बांधलेला पांढरा रुमाल वर-खाली झाला. देवयानीही हसली, आणि हसता हसता तिला जाणवलं की आपल्या नावाचा पहिला तुकडा हवेत कुठंच नाहीय. तो कापल्यासारखाही वाटत नव्हता. कधी नव्हताच, असं वाटत होतं. तिनं त्यांच्याकडून आणखी चार-सहा शब्द वदवून घेतले. प्रत्येक वाक्याचं तोंड तेवढं गायब होत होतं, पुढचं सगळं स्वच्छ. काकांनी त्यावर आपल्यापुरता उपायही काढला होता. वाक्याच्या आधी ते एक निरर्थक 'अ' लिहायचे. यंत्र तो खायचं आणि मग नीट बोलायचं. "दारूगोळ्याच्या गाडीत," ते त्या यंत्रातून तिला म्हणाले, "इंजिनाच्या मागे आम्ही रिकामी वाघीण जोडायचो. ठिणगी पडलीच तर तिच्यात पडावी. तसं." एवढं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. त्या वेळात खोलीत नुसता बटणांचा बारीक आवाज होता आणि बाहेर घाटाकडून येणारा लाँचचा भोंगा, आणि देवयानी त्यांच्या बोटांकडे बघत, पुढचा शब्द कोणता असेल ते मनात आधीच लावत बसली होती. 'वाघीण', म्हणजे मालडबा, हा तिला लावता आला नाही.

चहाला मदत करते म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा काकूंनी दार थोडं पुढं केलं. "त्यांच्यासमोर बोलले नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या गुरुवारी त्यांना फार दुखत होतं. दुपारी. मी विचारलं, कसं वाटतंय. ते लिहून म्हणाले, सह्य होतंय. मला इतकं बरं वाटलं माहितीये. मी जाऊन पेपर वाचत बसले. मग परत आतून आवाज आला, सह्य होतंय. मी इथूनच म्हटलं, हो हो, पडा जरा. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला वाटलं, हे मला धीर देताहेत." गॅसवर चहा वर येत होता. त्यांनी तो बारीक केला. "त्यांनी 'असह्य' लिहिलं होतं."

देवयानीनं हातातले कप ओट्यावर ठेवले.

"दुखण्यात ती रिकामी वाघीण कोण जोडत बसणार," काकू म्हणाल्या. "आणि ओरडता तर येत नाही. मी आत गेले तेव्हा उशीचा अभ्रा दातांत धरला होता त्यांनी." त्यांनी चहा गाळला, तीन कपांत, सारखा. "मी कुणाला दोष देत नाही हो. पण चाळीस वर्षं 'अगं' म्हटलं की मी उठते. 'गं' म्हटलं की पाय उचलतच नाही. कुणीतरी दुसऱ्याच बाईशी मध्येच काहीतरी बोलतंय असं वाटतं."

परतीच्या लोकलमध्ये तिला खिडकी मिळाली. टिटागड, खडदा, सोदपूर. फलाटांवर हेमंतातली उतरती उन्हं पडली होती, आणि कुठल्याशा स्टेशनाबाहेरच्या झाडाचा तो जड, गोडसर वास गाडीत शिरला. इथं त्याला छातिम म्हणतात. अजेयनं एकदा तिला सांगितलं होतं की ही आपली सातवीण. आणि 'सातवीण' म्हणताना 'सा'वर तो असा अडकला होता की ती म्हणाली होती, 'सायली?' त्यानं मान हलवली. 'साग? सावर?' तो हसायला लागला, आणि हसण्यातूनच तो शब्द सुटून बाहेर आला. अजेय अडखळायचा. नेहमी नाही, आणि वाक्याच्या मध्ये तर कधीच नाही, पहिल्या अक्षरावर. ओठ जुळून तसेच राहायचे, गळ्याची शीर उभी व्हायची, आणि त्या उंबऱ्यावर तो ताटकळायचा. एकदा पाऊल पडलं की पुढं सरळ चालायचा. देवयानीला ते बघवायचं नाही. ती त्याचा शब्द उचलून द्यायची, मग वाक्य, मग पुढं पुढं अख्खा मुद्दा. मीटिंगमध्ये तो तोंड उघडायचा आणि ती बोलायची. कुणाला त्यात वावगं वाटत नसे, त्यालाही नसे. 'तू बोललीस की मला सुट्टी,' असं तो म्हणाला होता, आणि तिला ते किती आवडलं होतं! एखाद्याच्या मनातलं त्याच्याआधी आपल्याला कळतं, ह्याहून जवळचं काय असतं असं तिला त्या दिवसांत वाटायचं. एकच शब्द त्याला कधी अडायचा नाही: 'हो'. तो नुसत्या श्वासासारखा निघून यायचा. त्यामुळं त्याच्या 'हो'चा काही भरवसा नसे. पण हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्पीकरच्या कामाचा तो खालचा भाग उघडला. सापडायला वेळ लागला नाही. बॅटरी वाचावी म्हणून यंत्र गप्प असताना स्पीकरच्या मागचा ॲम्प्लिफायर झोपवून ठेवलेला असे. बोलायचं झालं की त्याला उठवायचं, आणि त्याला उठायला क्षणभर लागतो. म्हणून अजेयनं उठवण्याच्या आणि आवाज सोडण्याच्या मध्ये एक रिकामं आवर्तन लिहिलं होतं. एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंत मोजत जायचं, मोजताना काहीही करायचं नाही. कंपायलरला मोकळीक मिळाल्यावर त्यानं ते वाचलं, त्यातून काही निष्पन्न होत नाही हे पाहिलं, आणि ते काढून टाकलं. ह्यात त्याची काहीच चूक नव्हती. भाषेच्या नियमांत वेळेला किंमत नाही. एखादी गोष्ट उशिरा झाली काय आणि लवकर झाली काय, उत्तर तेच आलं म्हणजे झालं. ही थांबायची जागा आहे, हिला हात लावू नकोस, असं सांगायचीही एक खूण असते. अजेयनं ती लिहिली नव्हती. त्याच्या काळात लागत नव्हती. जसं लिहिलंय तसंच होणार हे त्यानं धरूनच चाललं होतं. देवयानी त्या ओळीकडे बघत राहिली. ती तिनं पूर्वी शंभरदा पाहिली असेल. पहिल्या अक्षराआधी जागा लागते, हे आम्हा दोघांपैकी त्याच्याच ध्यानात येणार होतं, असं तिला वाटलं.

मग ती आणखी खाली उतरली, आणि दुपारपर्यंत तिला दुसरी जागा सापडली. ही आवाज न करणारी होती. चार्जिंगचा हिशोब ठेवणारा आकडा वाढत वाढत आपल्या मर्यादेबाहेर गेला तर तो उलटा होऊन शून्याखाली जातो. तसं झालं तर चार्जिंग बंद कर, अशी तपासणी अजेयनं घातली होती. नियमानुसार तसा आकडा उलटा होणं धरायचंच नसतं, म्हणून कंपायलरनं तपासणीच काढून टाकली होती. म्हणजे चार्जिंग थांबणारच नाही, बॅटरी तापत जाईल. आणि ते यंत्र माणसाच्या छातीवर लोंबकळत असतं. चार्जिंगला लावलेलं असतानासुद्धा.

मृणालदांनी सगळं ऐकून घेतलं. ते बंगाली, हिंदी, इंग्रजी असं मिसळून बोलायचे आणि काळजीत असले की नुसतं बंगाली. "दोनच ओळी आहेत ना?" ते म्हणाले. "त्या दोन राखून ठेव, बाकी राहू दे. बॅटरी दिवसभर चालते म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी यंत्रं घ्यायचा परवाच शब्द दिलाय."

"ह्या दोन मला सापडल्या, मृणालदा. पहिली सापडली कारण तिच्यामुळं आवाज गेला. बाकीच्या गप्प असतील."

"बाकीच्या आहेतच असं कशावरून?"

"नाहीत असं मी सांगू शकत नाही. खालचं सगळं अजेयनं लिहिलंय, आणि ते कंपायलर आपलं ऐकतो असं धरून लिहिलंय. मी त्याला ऐकू नको म्हणून सांगितलं. अख्ख्या सिस्टिमसाठी, एका ओळीत."

"मग अजेयला विचार."

मृणालदांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना काय माहीत होतं आणि काय नाही, हे तिला कधीच कळलं नव्हतं. "आणि तोवर?" त्यांनी विचारलं.

"तोवर जुनंच परत पाठवायचं. आज."

"लोक शिव्या देतील. दुपारी बंद पडेल परत."

"बंद पडलं तर निदान कळेल तरी बंद पडलंय म्हणून," देवयानी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढला होता. "तो माणूस असह्य म्हणत होता आणि त्याच्याच आवाजात बायकोला ऐकू येत होतं, सह्य. ती पेपर वाचत बसली होती."

मृणालदांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पाठव," आणि फोन उचलून बाहेर व्हरांड्यात गेले. हॉस्पिटलवाल्यांशी ते बोलत होते ते काचेतून दिसत होतं. मान खाली, मोकळा हात खिशात. तो व्यवहार नंतर मोडला. कुणी देवयानीला काही म्हणालं नाही. तिनं स्वतःच आपली ओळ पूर्वीसारखी केली, सिस्टिम नव्यानं बांधली आणि सगळ्या यंत्रांकडे पाठवून दिली, आणि संध्याकाळी पायऱ्या उतरताना तिला आपण एखाद्या घरातून आपलं सामान बाहेर काढून ठेवल्यासारखं वाटत राहिलं.

बराकपूरला ती पुन्हा गेली. ह्या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. काकू स्वयंपाकघरात होत्या, काका आरामखुर्चीत. तिला बघून त्यांनी बोटानं खूण केली, थांब, आणि यंत्र हातात घेतलं.

"अगं," यंत्र म्हणालं.

आतून भांड्यांचा आवाज थांबला. काकू आल्या नाहीत. काकांनी देवयानीकडे पाहिलं, वाट पाहिली, आणि पुन्हा लिहिलं, "ऐकू आलं नाही का?"

"आलं," आतून काकूंचा आवाज आला. "परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. मग आणखी एकदा, न सांगता. देवयानी खिडकीशी जाऊन नदीकडे बघत उभी राहिली. पलीकडच्या काठावर श्रीरामपूरच्या गिरणीची चिमणी धुक्यात अर्धी बुडाली होती. काका मग नेहमीसारखं बोलू लागले. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध वाढवलंय, झोप लागते. बॅटरी दुपारी संपते तर दुपारी ते झोपतात, मग बोलायचं कुणाशी. आणि निघताना, ती चप्पल घालत असताना, त्यांनी तिला विचारलं, "हे मुळात लिहिलं कुणी?"

"माझ्याबरोबर एक जण होता. आता नाही इथं."

काकांनी लिहायला घेतलं. तिनं पट्टा लावला, पर्स खांद्याला अडकवली, तरी ते लिहीतच होते. शेवटी यंत्र म्हणालं, "मग त्याला कळवलंस का, त्याचं अजून चालतंय म्हणून?"

कळवायचं तर होतंच. मृणालदा रोज विचारत होते. ती रोज उद्यावर टाकत होती. अजेयशी ती फोनवर कधीच बोलली नव्हती. फोनचा त्याला धसका होता. समोरच्याला चेहरा दिसत नाही, नुसती शांतता ऐकू येते आणि लोक 'हॅलो हॅलो' करून ठेवून देतात, असं तो म्हणायचा. म्हणून दोघांमध्ये निरोपच असायचे, आणि तो गेल्यावर दिवाळीच्या शुभेच्छांपुरते. निरोप तिला आताही पाठवता आला असता. तिनं लिहिलाही, मुद्देसूद, आणि पुसला. कारण त्या निरोपात मावणार नाही असं एक अक्षर तिच्याकडे कधीचं पडून होतं. तो कोलकाता सोडायच्या आधीच्या महिन्यात ते दोघं बागबाजारच्या घाटावर बसले होते. मागं रुळांवरचं फाटक पडलं होतं, शहराला वळसा घालणारी चक्ररेल यायची होती, पुढं पायऱ्यांवर कुणी कपडे धूत होतं. अजेय सकाळपासून गप्प होता. त्याची आई कोल्हापुरात एकटी होती, आजारी होती, हे देवयानीला माहीत होतं. तो एकदम तिच्याकडे वळला आणि म्हणाला, 'मला ज…' आणि अडकला. ओठ किंचित उघडे, जीभ टाळूला, डोळे तिच्या डोळ्यांवर. तिला ते बघवेना. आणि गाडीही येत होती, तिच्या धडधडाटात काही ऐकू आलं नसतं. 'जायचंय ना तुला?' ती म्हणाली. 'जा ना मग. माझी काय परवानगी हवी?' हे तिनं हसत, मोकळेपणानं म्हटलं, त्याला सोपं जावं म्हणून. त्यानं थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, 'हो.' आणि गाडी आली. तेव्हापासून कधी भाजी निवडताना, कधी बसमध्ये, कधी नुसतीच छताकडे बघत पडलेली असताना तिच्या मनात 'ज'चे शब्द येत. जमत नाहीय. जरा थांबायचंय. जवळ. जीव. जेवायचंय, त्या दिवशी दोघं जेवले नव्हते, नुसतं 'जेवायचंय'ही असू शकलं असतं. एकेक शब्द ती त्याच्या ओठांवर ठेवून बघे. सगळेच बसत.

रविवारी सकाळी आईचा फोन होऊन गेला तसा तिनं फोन खाली न ठेवता अजेयचा नंबर लावला. घरमालकीण खाली अंगणात कुणाशी तरी मासळीवरून हुज्जत घालत होती. रिंग वाजत राहिली. मग थांबली, आणि काहीच ऐकू आलं नाही.

"अजेय, देवयानी बोलतेय."

शांततेच्या मागं कुकरची शिट्टी, एक कावळा, लांबवर स्कूटर. इतकी वर्षं ऐकलं नव्हतं ते कोल्हापूर. तिच्या जिभेवर 'कसा आहेस, मी कामासाठी फोन केलाय' असं सगळं तयार होतं. ती बोलली नाही.

"ब… बोल," तो म्हणाला.

तिनं सांगितलं. आगाशे काका, 'गं', असह्य. ती कंपायलरची ओळ, तिचीच. परत घेतलेली सिस्टिम. "स्पीकरच्या आधीचं ते रिकामं आवर्तन तुझं ना?"

"हो."

ती थांबली. 'हो'च्या पलीकडे ती पूर्वी कधी थांबली नव्हती.

"पण त… तेवढंच नाही," अजेय म्हणाला. आणि मग तो सांगत गेला. कीबोर्डच्या बटणांचं एक, पडदा उजळण्याचं एक, बॅटरीचं तिला सापडलं होतं ते. प्रत्येक वाक्याच्या दाराशी तो उभा राहायचा, ती इकडे हातातलं पेन धरून उभी राहायची, आणि मग दार उघडलं की आत भलतंच काही असायचं. 'की' म्हणून तो अडला तेव्हा तिनं मनात 'कीबोर्ड' लिहून टाकलं होतं, आणि तो म्हणाला, "किती वाजता जातेस ऑफिसला? सगळं पाठवतो. एक जागा मी विसरलोय, शोधायला लागेल." त्याचं सगळं सांगून झालं तेव्हा उन्हाचा पट्टा पलंगावरून जमिनीवर उतरला होता. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो असं मध्येच कळलं. "अरे, वर्गात?" ती म्हणून गेली. "मु… मुलं थांबतात," तो म्हणाला.

"अजेय, एक विचारू? बागबाजारच्या घाटावर तू मला काहीतरी सांगत होतास. 'मला ज' म्हणालास. मी म्हटलं, जायचंय ना. तू हो म्हणालास."

पलीकडे काही नाही.

"तुला तेच म्हणायचं होतं का?"

बराच वेळ गेला. कुकर केव्हाच थंडावला असावा. तो आठवतोय, की अडलाय, की बोलायचं नाहीय, हे चेहरा दिसत नसताना कळायला मार्ग नव्हता, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं, की चेहरा दिसत होता तेव्हा तरी कुठं कळलं होतं.

"आठवत नाही गं," अजेय म्हणाला. "तू म्हणालीस तेच असेल."

हे तो कुठंही न अडखळता म्हणाला. देवयानीनं डोळे मिटले. ते सगळे शब्द, जमत नाही, जवळ, जीव, जेवायचंय, इतकी वर्षं तिच्याजवळ राहिलेले, आता कुणाचेच नव्हते. त्याच्याकडे तिचाच शब्द होता. तिनं दिलेला, त्यानं जपून ठेवलेला, आता त्याचाच झालेला. खाली मासळीचा सौदा मिटला होता. "बरं," ती म्हणणार होती, "ठेवते मग, पाठव सवडीनं." शब्द ओठांवर आले होते, आणि तेवढ्यात तिला पलीकडून श्वास आत घेतल्याचा आवाज आला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिनं तळहात आपल्याच तोंडावर ठेवला.

"आ…" अजेय म्हणाला, आणि अडकला.

आलो. आता. आभार. तिचं मन धावत सुटलं. तिनं त्याला धावू दिलं, मागं गेली नाही.

"आई गेली," तो म्हणाला. "श्रावणात."

तिच्या तळहाताखाली 'अरे' होता, 'कळवलं का नाहीस' होतं. ते तिथंच राहिलं. पलीकडे त्यानं खुर्ची ओढली, बसला.

"घ… घर फार मोठं वाटतंय. म्हणजे तसं नाही. म्हणजे…" तो थांबला. शांतता इतकी लांबली की फोन कापला गेला असं कुणालाही वाटलं असतं. "देवयानी? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली, आणि फोन कानाशी तसाच धरून पलंगाच्या कडेवर टेकली.